पाचवा उद्गार

पाळकसाहेबांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला, तेव्हाच सूर्यभानने पसरलेले पाय आवरून घेतले आणि पाठ ताठ केली. उपवासकाळातल्या ह्याच रविवारी दरवर्षी हा कागद निघायचा. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारी बारा ते तीन मंडळी चर्चमध्ये बसायची, आणि प्रभूने वधस्तंभावरून काढलेले सात उद्गार सात माणसं एकेक करून उभी राहून सांगायची. कोणी कोणता सांगायचा ते ह्या कागदावर असे. पहिला उद्गार दर साल हात बदले. सातवा बहुधा शेवगावहून येणाऱ्या पाहुण्याला जाई. पाचवा मात्र, 'मला तहान लागली आहे' हा, अठरा वर्षं सूर्यभानचाच होता. माघारी काहीजण त्याला 'पाचवा' म्हणत. हे त्याला ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही.

"पाचवा उद्गार," पाळकसाहेब म्हणाले, "रंगुबाई मच्छिंद्र पाटोळे."

सूर्यभान अर्धा उठला होता. नाव वाचलं की उठून मान लववायची रीत होती. तो तसाच खाली बसला, आणि सतरंजी सारखी करायलाच उठलो होतो असं वाटावं म्हणून त्याने तिचं मुडपलेलं टोक ओढून सरळ केलं.

बायकांच्या बाजूला कुजबुज झाली. रंगुबाई त्याच्या धाकट्या भावाची विधवा. तिने तोंडाला पदर लावला आणि मान हलवून नाही नाही म्हणू लागली. आपल्याला वाचता येत नाही, असं ती शेजारणीला सांगत होती. पाळकसाहेबांनी ते ऐकलं. ते नवीन होते, नगरच्या सावेडीतून आलेले, वयाने लहान, आणि सगळ्यांशी फार मऊ बोलायचे. ते म्हणाले की वाचता येत नाही हे मला माहीत आहे. सूर्यभानकाका तुमची तयारी करून घेतील. काकांइतका तो उद्गार इथे कोणाला ठाऊक आहे?

माणसांनी माना डोलावल्या. शेजारी बसलेल्या हनुमंतने सूर्यभानच्या गुडघ्यावर थाप मारली. सूर्यभान हसला. ते हसू त्याला उपासना संपेपर्यंत धरून ठेवावं लागलं, आणि बाहेर येऊन सगळ्यांना सलाम करताना त्याचा जबडा दुखत होता.

"तीस वर्सं शाळंत घंटा वाजवली," हनुमंत चपला शोधत म्हणाला, "आज मास्तर झाला की हो तुमी."

भोवतीची दोन-चार माणसं हसली. सूर्यभानही हसला.

तो शेवगावच्या एका हायस्कुलात शिपाई होता. ग्रंथालयाची किल्ली त्याच्याकडे असायची आणि त्या किल्लीच्या जोरावर त्याने तिथली बहुतेक पुस्तकं वाचून काढली होती. तरुणपणी पाळक व्हायचं म्हणून तो दोनदा नगरला परीक्षेला बसला आणि दोन्ही वेळा माघारी आला. तेव्हापासून त्याच्या विद्येला जागा अशी एकच होती. वर्षातून एकदा, उत्तम शुक्रवारी, पावणेदोनच्या सुमारास, पंधरा मिनिटं. वर्षभर तो त्या पंधरा मिनिटांकडे चालत असे.

घरी आल्यावर बायकोने, मनकर्णाने, त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि भाकरी वाढली. तो जेवला नाही. भाकरी मोडून तिचे तुकडे करत बसला.

"तिला येनार हाय का ते?" शेवटी तो म्हणाला.

"नाही आलं तर काय व्हनार हाय," मनकर्णा म्हणाली. "आपलीच हाय ती."

हेच तर होतं. परकी असती तर इतकं लागलं नसतं.

त्या साली पाऊस लांबला होता. ज्वारी पेरायलाच उशीर झाला, आणि मार्च अर्धा सरला तरी रानात उभी होती. दोघा भावांचं रान एकाला एक लागून, दीड-दीड एकर. वाटणीच्या वेळी सूर्यभानने रस्त्याकडचं वरचं रान मागून घेतलं होतं. मच्छिंद्रने खालचं घेतलं. आता पाण्याच्या ताणात वरच्या मुरमाड रानात ज्वारी कमरेएवढी होऊन थांबली होती आणि कणसं पोचट होती. खालच्या रानात ओल टिकली. रंगुबाईची ज्वारी तिच्या डोक्याच्या वर होती, कणसं भरून वाकलेली. तिकडे बघताना दोष द्यायला कोणी सापडत नसे, आणि त्याचाही सूर्यभानला राग यायचा.

ज्वारी मुळासकट उपटायची. दोन्ही हातांनी ताट धरायचं, कमरेतून मागे रेलायचं, झटका द्यायचा, मुळाची माती पायावर आपटून झाडायची. सूर्यभानची कंबर दहा ओळींत धरायची. तो उभा राहून कमरेवर हात ठेवी, आणि उभा राहिला की खालच्या रानात वाकलेली रंगुबाई दिसे. ती थांबत नसे. तिच्या तळहातांना फडकी गुंडाळलेली असत.

ती पहिल्यापासून अशी नव्हती. लग्न होऊन आली तेव्हा हसरी, थोडी वेंधळी, प्रार्थनेत डुलक्या घेणारी पोरगी होती. मग मच्छिंद्रच्या किडन्या गेल्या. तीन वर्षं ती आठवड्यातून दोनदा पहिल्या एसटीने त्याला नगरला डायलिसिसला नेत होती. डॉक्टरांनी दिवसाला अर्धा लिटर पाणी सांगितलं होतं, त्याच्या वर एक घोट नाही. तिने एका बाटलीवर दोरा बांधून खूण केली होती. शेवटच्या उन्हाळ्यात तो पाण्यासाठी ओरडायचा. आळीभर ऐकू जायचं. तिने घरातले माठ आणि हंडे उचलून सूर्यभानच्या घरी आणून ठेवले, आणि त्याच्यासमोर कधी पाणी प्यायली नाही. तहान लागली की जावेच्या सैपाकघरात यायची, उभ्याउभ्या तांब्या तोंडाला लावायची आणि पदराने ओठ कोरडे करून परत जायची. मच्छिंद्र गेला त्या दिवशी बाटलीत दोऱ्याखाली दोन बोटं पाणी उरलं होतं.

त्यानंतर तिच्यात काहीतरी बदललं. कोणी आजारी पडलं, कोणाची सून अडली, की पूर्वी सूर्यभानला बोलावणं यायचं. तो बायबल काखेत मारून जायचा, नीट शब्दांत, लांब प्रार्थना करायचा. आता बोलावणं रंगुबाईला जाई. रंगुबाईची प्रार्थना लागते, असं लोक म्हणत. एकदा तो मुद्दाम ऐकायला गेला होता. तिने आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवला, बराच वेळ गप्प राहिली, आणि मग कुंपणापलीकडच्या माणसाशी बोलावं तशी तीन-चार वाक्यं बोलली. सूर्यभानने ती मोजली होती. एकाही वाक्याला धड शेवट नव्हता. आजारी बाईने मात्र डोळे मिटले आणि तिचा श्वास हलका झाला.

त्या दिवशी घरी येताना त्याच्या मनात आलं ते त्याने कोणाला सांगितलं नाही. दुःख आपल्यालाही होतं. दोनदा नापास झालो. एकुलता एक आदिनाथ नगरला एमआयडीसीत लागला, नाताळला येतो तेव्हासुद्धा चर्चबाहेर मोटारसायकलवर बसून मोबाईल बघतो. पाठ गेली. हे सगळं आपणही प्रभूपुढे ठेवलं होतं. त्यातून काहीच उगवलं नाही. तिच्याच दुःखाला तेवढी कणसं का लागावीत?

आता तिला उद्गारही तहानेचाच मिळाला. तहान तर त्याच्या भावाची होती. तीही रंगुबाई घेऊन गेली.

तयारी दिवस मावळायच्या आत, रंगुबाईच्या ओट्यावर चालायची. सूर्यभानने आपली वही आणली. तपकिरी पुठ्ठ्याची, कडा मऊ झालेली. अठरा वर्षांपूर्वी त्याने तीत जे लिहिलं होतं तेच तो थोडं इकडेतिकडे करून दरवर्षी सांगत होता. पाळकसाहेबांनी म्हटलं होतं की रंगुबाईंना सुचेल ते त्यांच्या शब्दांत बोलू द्या, फक्त वचन समजावून सांगा. सूर्यभानने तो निरोप अर्धाच दिला. वही उघडली आणि म्हणाला, "हे पाठ करायचं."

पहिलंच वाक्य लांब होतं आणि त्यात 'तृषार्त' हा शब्द होता.

"तुरुशार्त," रंगुबाई म्हणाली.

त्याने दुरुस्त केलं. तिने पुन्हा म्हटलं. त्याने पुन्हा दुरुस्त केलं. तिसऱ्यांदा ती जवळपास बरोबर म्हणाली होती, तरी त्याने आणखी चारदा म्हणायला लावलं. ओट्यासमोरून हनुमंतची बायको पाण्याचा हंडा घेऊन चालली होती, ती थांबून बघू लागली. रंगुबाई खाली मान घालून म्हणत राहिली. मग तिने त्याचा अर्थ विचारला.

"तहानलेला."

"मग तहानलेला म्हनू का, भावजी?"

"नाही. वहीत आहे तसंच."

थोड्या वेळाने तिने हाताला गुंडाळलेलं फडकं सोडलं. आत फोड फुटून कातडी लोंबत होती. ती फडकं पुन्हा बांधत, त्याच्याकडे न बघता म्हणाली, "ह्यांचं सांगू का थोडं? ह्यांच्या पान्याचं?"

सूर्यभानने वहीचं पान उलटलं. तो म्हणाला की ते घरचं झालं. चर्चमध्ये घरचं आणायचं नसतं, तिथे वचनाला धरून बोलावं लागतं. ती "बरं" म्हणाली.

दोन दिवसांत ती कंटाळून सोडून देईल, असा त्याचा हिशेब होता. पाळकसाहेबांना जाऊन सांगेल की मला हे झेपत नाही, आणि पाळकसाहेब त्याच्या दारात येतील. तसं झालं नाही. तिसऱ्या दिवशी वरच्या रानात कंबर धरून उभा असताना त्याला आपलीच वाक्यं ऐकू आली. ती उपटता उपटता म्हणत होती. झटक्याला एक शब्द, ओळीच्या शेवटाला परिच्छेदाचा शेवट. 'परमपित्याच्या इच्छेपुढे' म्हणताना ती पेंढी बांधत होती आणि बंधाला पीळ देताना 'पुढे'वर तिचा जोर पडत होता. तो ज्वारीत बसून ऐकत राहिला. एकीकडून त्याला बरं वाटत होतं, कारण वाक्यं खरंच चांगली होती. दुसरीकडून छातीत आग होत होती, कारण ती तिच्या तोंडात चांगली वाटत होती.

आठवड्याने ते त्या वाक्यापाशी आले. वहीत ते तिसऱ्या पानाच्या मध्यावर होतं आणि दरवर्षी त्याच जागी मंडळी अगदी शांत व्हायची.

"मी स्वतः आज सकाळपासून पाण्याचा एक थेंबही जिभेला लावलेला नाही," सूर्यभानने वाचलं.

रंगुबाईने हातावरचं फडकं घट्ट केलं.

"म्हण."

"हे तुमचं हाय, भावजी. तुमी पाळता म्हनून तुमी म्हनता. मी म्हनले तर खोटं व्हईल."

त्याच्या खिशात पेन्सिल होती. ते वाक्य खोडायला वेळ लागला नसता.

पहिल्या वर्षी ते वाक्य खरं होतं. त्या वर्षी तो पहाटेपासून कोरडा राहिला होता. चर्चमध्ये उभा राहिला तेव्हा त्याच्या कानात घूं आवाज होत होता, आणि बोलता बोलता एका क्षणी त्याला वाटलं होतं की समोर कोणीतरी आहे आणि ते त्याच्या बोलण्याकडे नाही, त्याच्या कोरड्या तोंडाकडे बघत आहे. तसं त्याला आयुष्यात त्याआधी कधी वाटलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी ताप होता, गोळीपुरतं अर्धं भांडं पाणी घेतलं. तिसऱ्या वर्षी ताप नव्हता. तोवर गावात झालं होतं की पाचव्या उद्गाराचा माणूस पाणी पीत नाही, आणि लोक त्याच्या घरासमोरून जाताना आवाज खाली आणू लागले होते. दर उत्तम शुक्रवारी पहाटे तो सैपाकघराच्या दारामागे उभा राहून तांब्याभर पाणी प्यायचा.

"खोटं का होईल?" तो रंगुबाईला म्हणाला. "पाळायचं. गुरुवारी संध्याकाळपासून."

वहीत सकाळपासून होतं. संध्याकाळ त्याच्या तोंडून कशी आली, त्यालाच कळलं नाही. पण ती आली आणि त्याने ती परत घेतली नाही.

"पाळीन की," रंगुबाई म्हणाली. "तुमी अठरा वर्सं पाळताय. मला एक दिवस न्हाई व्हनार का?" आणि ते वाक्य तिने एकदाच म्हटलं. दुरुस्त करायला काही नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी प्रभुभोजनाची उपासना झाली. रंगुबाईने दोन्ही हातांनी प्याला धरला, घोटभर घेतला आणि पुढे दिला. सूर्यभान बघत होता. तो तिचा शेवटचा घोट.

शुक्रवारी दिवस उगवायच्या सुमाराला कानिफनाथचं मळणीचं मशीन रंगुबाईच्या रानात येऊन उभं राहिलं. मशीन तो आळीपाळीने गावभर फिरवायचा, आणि तिचा नंबर खरंतर सोमवारी होता. मधल्या एकाचं काम अडलं होतं. आज घेणार असाल तर घ्या, नाहीतर मशीन पाथर्डीकडे जातंय ते आठ-दहा दिवसांनीच येईल, असं तो म्हणाला. आभाळ दोन दिवस भरून येत होतं. खुडलेल्या कणसांचा ढीग उघड्यावर पडला होता. रंगुबाईने एकदा चर्चच्या दिशेला बघितलं, पदर खोचला आणि पाटी उचलली.

मशीनचा आवाज ऐकून सूर्यभान बांधापर्यंत आला. पहाटे तो दारामागे उभं राहून पाणी प्याला होता. ह्या वर्षी तर त्याच्याकडे उद्गारही नव्हता, कोणी विचारणारही नव्हतं. तरी लपूनच प्याला.

रंगुबाई पाट्या भरून देत होती. भुसा तिच्या पापण्यांवर, गळ्याच्या वळ्यांत, ओठांवर बसला होता. तोंडाला बांधलेलं फडकं पिवळं झालं होतं. आठ वाजता ऊन चढलं. नऊ वाजता कानिफनाथची माणसं बाभळीखाली थांबली, तिथे ओल्या पोत्यात गुंडाळलेली घागर होती. ती सगळी ओंजळीने प्यायली. कानिफनाथने तांब्या भरून तिच्यापुढे धरला. ती हाताने नको म्हणाली.

"आक्का, मरशील," कानिफनाथ म्हणाला. "कसला उपास म्हनायचा ह्यो?"

"आमचा आज असतो," ती म्हणाली. मग बांधावर उभ्या सूर्यभानकडे हात करून म्हणाली, "भावजी तर अठरा वर्सं करत्यात."

कानिफनाथने सूर्यभानकडे बघून कौतुकाने मान हलवली. बांधापासून घागर वीस पावलांवर होती. वीस पावलं चालत जायचं आणि म्हणायचं, पी बाई, ह्यात काही नाही. सूर्यभानचे पाय जागचे हलले नाहीत. ती मान त्याला हवी होती. इतकी वर्षं त्याला दुसरं काही मिळालं नव्हतं. मशीन पुन्हा सुरू झालं आणि तो माघारी वळला.

मनकर्णा चुलीपाशी होती. चूल पेटलेली नव्हती. ती पालथ्या तांब्याला फडक्याने पुसत होती.

"तिला सांगितलं का?" तिने विचारलं.

"काय?"

"तांब्याचं."

तो भिंतीला टेकला. तिने तांब्या फळीवर ठेवला.

"अठरा वर्सं झाली, दर साली ह्यो तांब्या मी पुसून कोरडा करून ठेवते," ती म्हणाली. "कोन आलं-गेलं बघंल म्हनून. मला वाटायचं, तुमचं तुमी बघून घ्याल. पर आज ती मशीनीवर हाय."

ती उठून बाहेर गेली. तो फळीवरच्या तांब्याकडे बघत राहिला, पण खाली रानात गेला नाही.

बाराला घंटा झाली. रंगुबाई आली तेव्हा पहिला उद्गार सुरू झाला होता. तिने लुगडं बदललं होतं, पण भुसा कानामागे तसाच होता. तोंड न धुताच आली असावी. चुळेतलं पाणीही जिभेला लागतं. पाचव्याच्या आधी पाळकसाहेबांनी सूर्यभानला पुढच्या ओळीत बसवलं, वही घेऊन. त्या अडल्या तर सांगा, म्हणाले.

ती उभी राहिली. टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली आणि सुरुवात केली. आवाज घोगरा होता, पण 'तृषार्त' स्वच्छ आला. पुरुषांच्या बाजूला दोन-तीन माना वर झाल्या. पहिलं पान गेलं. दुसरं गेलं. त्याचीच वाक्यं होती, आणि अठरा वर्षांत कोणी ती अशी कान देऊन ऐकली नव्हती. सूर्यभानला ते दिसत होतं. आजही, इतक्या सगळ्यावर, त्याला ते सहन होत नव्हतं.

तिसऱ्या पानावर तिची जीभ टाळूला चिकटू लागली. शब्द आत अडकून तुटून येऊ लागले. ओठांच्या कोपऱ्यात पांढरं जमलं होतं. ती थांबली. एकदा गिळायचा प्रयत्न केला, गिळायला काही नव्हतं. तिने त्याच्याकडे बघितलं.

त्याचं बोट बरोबर त्या वाक्यावर होतं. मी स्वतः आज.

"सांगा की," मागून हनुमंत हळूच म्हणाला.

सूर्यभानने तोंड उघडलं. त्याची स्वतःची जीभ ओली होती, आणि ते त्याला तोंडभर जाणवलं. रंगुबाईचे डोळे लाल झाले होते आणि ते त्याच्या तोंडावर टेकले होते, पुढचा शब्द तिथून येणार म्हणून. असं कोणीतरी एकदा त्याच्या तोंडाकडे बघितलं होतं.

तो उठला. वही मांडीवरून खाली पडली.

"मी पानी प्यालोय," तो म्हणाला.

कोणाला काही कळलं नाही. पाळकसाहेब पुढे झुकले.

"आज बी प्यालोय. दर साली पीत हुतो. पहिलं एक साल सोडून." त्याला शाळेतली भाषा सापडत नव्हती. "हिला सांगितलं न्हाई. ही कालपासून कोरडी हाय, आन सकाळपासून मशीनीवर हुती. मी बांधावर हुतो. बघत हुतो."

तो वळला आणि मधल्या वाटेने दाराकडे चालू लागला. दोन्हीकडे माणसं बसली होती, कोणी त्याच्याकडे बघत होतं, कोणी मुद्दाम बघत नव्हतं. ओसरीत माठ होता. घाईत भांडं भरताना निम्मं सांडलं. त्याने ते पुन्हा भरलं. परत तेवढंच चालायचं होतं. वाटेत पाणी सतरंजीवर सांडत गेलं.

त्याने भांडं रंगुबाईपुढे धरलं. तिने लगेच घेतलं नाही. भांड्यातल्या पाण्याकडे बघत राहिली.

"ह्यांनी मागितलं तवा मी दिलं न्हाई," ती म्हणाली. आवाज जेमतेम पहिल्या दोन ओळींना गेला असेल. "डॉक्टरनं सांगितलं हुतं, म्हनून न्हाई दिलं. लई मागायचे. मला वाटायचं, आता देवानं बी मला द्यायला नगं." तिने भांडं हातात घेतलं. "भावजी देत्यात. मी कशाला न्हाई म्हनू?"

ती प्यायली. मधे न थांबता, घटाघट, हनुवटीवरून ओघळत. मग रिकामं भांडं त्याच्या हातात दिलं आणि जाऊन आपल्या जागी बसली. पाचवा उद्गार तेवढाच झाला. वहीतली दीड पानं राहून गेली.

मग पाळकसाहेबांनी सहाव्याचं नाव घेतलं, आणि हनुमंत खाकरत उभा राहिला. सूर्यभान पुढच्या ओळीत परत गेला नाही. दारापाशी चपलांजवळ भांडं मांडीवर घेऊन बसला आणि तीन वाजेपर्यंत तिथेच होता. उपासना सुटल्यावर लोक त्याच्या शेजारून गेले. कोणी सलाम केला, कोणी नाही. पाळकसाहेबांनी फक्त खांद्यावर हात ठेवला. रंगुबाईभोवती बायका जमल्या होत्या. ते बघून त्याच्या छातीत पुन्हा ते जुनं टोचलं. एवढं करूनही ते गेलं नव्हतं. त्याला वाटलं, हे बहुतेक आपल्याबरोबरच राहणार. आता निदान त्याला ओळखता येत होतं.

शनिवारी तो खाली उतरला. रंगुबाईच्या रानात कडबा पसरला होता आणि तो बांधून रचायचा होता. मनकर्णा सकाळीच तिकडे गेली होती. तो एका कडेला बसला आणि पेंढ्या बांधू लागला. कडब्याची पाती बोटांना कापत होती. तिघं काम करत राहिली. ऊन वर आलं तशी रंगुबाई बाभळीखाली गेली, तांब्या भरून आणला आणि आधी मनकर्णाला दिला. मग त्याच्यापाशी येऊन उभी राहिली.

"भावजी," ती म्हणाली, "ते तुरुशार्त मी नीट म्हनले का?"

तो पेंढी गुडघ्याखाली दाबत होता. बंधाला पीळ दिला, टोक आत खोचलं. हे एवढंसं वाक्य वहीतल्या सगळ्या पानांपेक्षा जड होतं.

"नीट म्हनलीस," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "माझ्यापेक्षा."

तिने तांब्या पुढे केला. सूर्यभानने तो दोन्ही हातांनी घेतला आणि तिथेच, उघड्या रानात, दोघींच्या समोर, वर बघून प्याला.